नदीचे मूळ, बाळाचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे आपले पूर्वज सांगून गेले. या म्हणीत शहाणपण आहे, तसा थोडा धाकही आहे. मुळाशी जाल तर अडचणीचे काहीतरी हाती लागेल, तेव्हा काठावरूनच नमस्कार करा, असा तो धाक. परंतु माणसाचा स्वभाव असा, की ज्याच्यावर त्याचा जीव जडतो त्याचे मूळ विचारल्यावाचून त्याला राहवत नाही. 'मी कुठून आलो?' हा प्रश्न कोणत्याही लहान मुलाला शिकवावा लागत नाही.

अमेरिकेत एका काल्पनिक पुरुषाचे कूळ गेली पंचाऐंशीहून अधिक वर्षे असेच पुन्हा पुन्हा विचारले जात आहे. त्याचे नाव सुपरमॅन. निळा पोशाख, पाठीवर फडफडणारे तांबडे वस्त्र आणि छातीवर 'एस' हे अक्षर, एवढ्यावरून घराघरांतील मुले त्याला ओळखतात. वाचकहो, चित्रकथांसारख्या पोरांच्या करमणुकीवर या त्रैमासिकाची पाने कशाला खर्ची घालायची, असे आपल्या मनात येणे साहजिक आहे. आमच्यापुरते सांगायचे तर ही गोष्ट आमच्या घरातली झाली आहे. ती कशी, ते पुढे येईलच. आधी त्या बाळाची हकीकत सांगू.

क्लीव्हलँड शहरात वाढलेल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी हे पात्र निर्माण केले. दोघेही १९१४ साली जन्मलेले, दोघेही युरोपातून स्थलांतर करून आलेल्या ज्यू कुटुंबांतले. सीगल लिहीत असे आणि शुस्टर चित्रे काढीत असे. 'ॲक्शन कॉमिक्स'च्या जून १९३८ च्या पहिल्या अंकात त्यांचा नायक जगासमोर आला. त्याची जन्मकथा केवढी? अवघी एका पानाची! दूरचा एक ग्रह वार्धक्याने नष्ट होत आहे. एक शास्त्रज्ञ घाईघाईने बनविलेल्या यानात आपले तान्हे बाळ ठेवतो आणि त्याला पृथ्वीकडे धाडतो. रस्त्याने जाणाऱ्या एका मोटारचालकाला ते सापडते व तो ते अनाथाश्रमात नेऊन देतो. ग्रहाला नाव नाही, बापाला नाव नाही आणि आईचा तर उल्लेखही नाही. उरलेल्या जागेत बाळाच्या अचाट शक्तीचे वर्णन आणि तिच्या समर्थनार्थ मुंगी व टोळ यांचे दाखले. पहिल्या कथेतील सुपरमॅन आश्रमातून थेट मोठाच होतो. त्याला कोणी मांडीवर घेतल्याचे त्या पानावर कोठेही नाही.

वाचकांना हे पुरेसे वाटले नसावे. १९३९ च्या जानेवारीत वृत्तपत्रांत त्याची चित्रमालिका सुरू झाली, तेव्हा ग्रहाला क्रिप्टॉन हे नाव मिळाले आणि बाळाला जन्मदाते मातापितरही मिळाले. त्याच वर्षी 'सुपरमॅन' या नावाचे स्वतंत्र पुस्तक निघाले. त्यात तो अनामिक मोटारचालक नाहीसा झाला आणि त्याच्या जागी केंट नावाचे वयस्क जोडपे आले. बाळ त्यांनाच सापडते. तेही ते आश्रमात पोहोचवितात. पण घरी गेल्यावर त्यांना चैन पडत नाही. ते परत येतात आणि हे मूल आम्हांला द्या, अशी विनंती करतात. त्या पुस्तकात केंट बाईंचे नाव मेरी होते. पुढे ते मार्था झाले. तुझे बळ लोकांपासून लपव, पण वेळ आली की ते लोकांच्या भल्यासाठी वाप, ही शिकवण त्या दोघांचीच. म्हणजे शक्ती आकाशातून आली, पण त्या शक्तीचे काय करायचे हे एका शेतकऱ्याच्या घरात ठरले. पुढे झालेल्या साऱ्या पुनर्कथनांचे बीज या छोट्या बदलात आहे, असे आम्हांला वाटते.

या गोष्टीची नाळ पुष्कळांनी मोशेच्या कथेशी जोडली आहे. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायातील ती आई लव्हाळ्यांच्या पेटाऱ्याला डांबर आणि राळ लावून त्यात बाळ ठेवते व पेटारा नदीकाठी सोडते. राजकन्या बाळ उचलते, आणि बाळाची बहीण हुशारीने सख्ख्या आईलाच दाई म्हणून आणते. ज्यू घरांत वाढलेल्या दोन मुलांच्या कानांवर ही कथा पडली नसेल असे संभवत नाही. आपल्या मराठी वाचकाला मात्र पेटी म्हटली की कर्ण आठवतो. त्याला कुंतीने नदीत सोडले आणि अधिरथ व राधा यांनी वाढविले. श्रीकृष्ण जेव्हा त्याला त्याचे खरे कूळ सांगून पांडवांकडे बोलावतो, तेव्हा कर्ण म्हणतो की राधेला माझ्या मायेने पान्हा फुटला, तिला मी कसा सोडू? शिवाजी सावंतांनी १९६७ साली 'मृत्युंजय'मध्ये आणि रणजित देसाईंनी १९७३ साली 'राधेय'मध्ये तीच जुनी कथा नव्याने सांगितली. देसाईंनी तर शीर्षकातच पालक मातेचे नाव ठेवले. तेव्हा एका सोडलेल्या बाळाचे कूळ पुन्हा पुन्हा विचारण्याचा छंद केवळ अमेरिकेचा आहे असे समजण्याचे कारण नाही.

लेखकाच्या आयुष्यातील एक घटनाही येथे ध्यानात घ्यावी. जेरी सीगलचे वडील कापडदुकानदार होते. १९३२ साली त्यांच्या दुकानात चोर शिरले आणि त्या प्रसंगात हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा अंत झाला. मुलाचे वय तेव्हा सतरा. पुढे त्याने असा नायक कल्पिला, की ज्याच्या कातडीला बंदुकीची गोळी भेदू शकत नाही. या दोन गोष्टींचा संबंध काही अभ्यासकांनी लावला आहे. सीगलच्या मनात काय होते ते आपण कसे सांगावे? परंतु १९६३ च्या एका कथेत सुपरमॅनचे पालक आईवडील एका विचित्र तापाने दगावतात आणि सर्व सामर्थ्य असूनही मुलगा त्यांना वाचवू शकत नाही, हे वाचताना त्या सतरा वर्षांच्या मुलाची आठवण आल्यावाचून राहत नाही.

आता अलीकडच्या पुनर्कथनांकडे वळू. १९८६ साली प्रकाशकांनी सुपरमॅनची कथा पुसून पहिल्यापासून सांगावयाचे ठरविले. यात धंद्याचा हिशेब होताच. पन्नास वर्षांत कथेवर इतकी पुटे चढली होती, की नव्या वाचकाला आत शिरायला वाट उरली नव्हती. हे काम जॉन बर्न या लेखक-चित्रकाराकडे आले. हा गृहस्थ इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि लहानपणीच कॅनडात गेलेला. त्याच्या 'द मॅन ऑफ स्टील' या सहा भागांच्या कथेत क्रिप्टॉन हा थंडगार, कोरडा ग्रह आहे. तेथील माणसे एकमेकांना स्पर्शही करीत नाहीत आणि मूल मातेच्या उदरात नव्हे, यंत्राच्या कोशात वाढते. तो कोशच पृथ्वीवर येतो, उघडतो, आणि अशा रीतीने बाळाचा जन्म जणू कॅन्सस राज्यातच होतो. केंट जोडपे या कथेत मरत नाही. मुलगा मोठा झाल्यावरही त्याला हक्काचे घर राहते.

बर्नने केलेला आणखी एक बदल आमच्या मनात रुतून बसला. बाळ सापडते त्या रात्री मोठे हिमवादळ सुरू होते आणि ते शेतघर कित्येक महिने जगापासून तुटते. वाट मोकळी होते तेव्हा केंट दांपत्य शेजाऱ्यांना सांगते, की हे बाळ मार्थाच्याच पोटी जन्मले. या आधी तिची गरोदरपणे वाया गेलेली असतात, म्हणून या वेळी तिने कोणाला सांगितले नसावे, असे लोक मानतात. अनाथाश्रम, अर्ज, परत येऊन केलेली विनंती हे सारे एका हिमवादळाखाली गाडले जाते. मुलाला खरे कळते ते वयात आल्यावर, जेव्हा बाप त्याला शेतात नेऊन लपविलेले यान दाखवितो.

हे पुस्तक आमच्या घरी कसे आले ते आता सांगावयास हवे. आम्ही उभयतांनी १९९७ साली एका आश्रमातून नऊ महिन्यांचा मुलगा घरी आणला. 'घरी आणला' असे म्हणतो, कारण 'दत्तक घेतला' असे म्हणण्याची मुभा कायद्याने आम्हांला नव्हती. १९५६ चा दत्तकविषयक कायदा हिंदूंपुरता. आपणां ख्रिस्ती लोकांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचा आधार घ्यावा लागे, आणि तो कायदा 'पालक' करी, 'आईबाप' करीत नसे. मूल सज्ञान झाले की ते नाते कागदावर संपे. वारसाहक्कही आपोआप मिळत नसे; त्यासाठी मृत्युपत्र करून ठेवावे लागे. २००० च्या बालन्याय कायद्यात दत्तकविधानाची तरतूद आली आणि २००६ च्या दुरुस्तीने तिचा अर्थ स्पष्ट झाला. अशा मुलाला पोटच्या मुलाचे सर्व अधिकार मिळाले आणि त्यासाठी आईबापांचा धर्म विचारण्याचे कारण उरले नाही. त्यानंतर आम्हीही रीतसर आदेश मिळविला. त्या दिवशी मुलगा चौथीत होता. न्यायालयातून बाहेर पडल्यावर त्याने विचारले, "म्हणजे आजपर्यंत तुम्ही माझे कोण होता?"

आश्रमातील सिस्टरांनी आम्हांला पहिल्याच दिवशी बजावले होते, की मुलापासून काहीही लपवू नका. फक्त वयाला पेलेल एवढेच सांगा. आम्ही तसे करीत आलो. तो तीन वर्षांचा असताना त्याची जन्मकथा एका वाक्याची होती: आम्हांला बाळ हवे होते आणि तुला आईबाप हवे होते. सहाव्या वर्षी तीत आश्रम आला, सिस्टर आल्या, ज्या शालीत त्याला गुंडाळून आणले ती शाल आली. नवव्या वर्षी न्यायालय आले. दर खेपेला गोष्ट तीच, पण तिची पाने वाढत गेली. म्हणूनच १९३८ चे ते एक पान, १९३९ मधील त्याचा विस्तार आणि नंतरची पुस्तकेच्या पुस्तके पाहताना आम्हांला त्यात व्यापारापलीकडचे काही दिसते. गोष्ट ऐकणाराच मोठा होत असेल, तर सांगणाऱ्याला तीत भर घालावीच लागते.

बर्नचे पुस्तक हुतात्मा चौकातील पदपथावरच्या जुन्या पुस्तकांतून आम्ही काही वर्षे आधीच घेऊन ठेवले होते. मुलाने ते चौथीच्याच सुटीत वाचले. हिमवादळाच्या प्रसंगापाशी तो थांबला. "पपा, बर्फ पडला नसता तर त्यांनी लोकांना काय सांगितलं असतं?" आम्ही म्हणालो, "खरं सांगितलं असतं." तो म्हणाला, "मग आधीच सांगायचं ना!" आपल्या समाजातही अशी हिमवादळे कमी नाहीत. परगावी काही महिने राहून बाळासह परतणाऱ्या स्त्रिया आपण ऐकून आहोत. आमच्याच नात्यातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीने आम्हांला तो सल्ला दिला होता, आणि आम्ही तो मानला नाही तेव्हा 'शेवटी रक्त ते रक्तच' असे ऐकवलेही होते. त्या व्यक्तीवर आमचा राग नाही. लोकलज्जेपोटी माणसे सत्य गाडतात, आणि पुष्कळदा ती प्रेमापोटीच गाडतात. केंट दांपत्यही दुष्ट नव्हते.

२००३ आणि २००४ या वर्षांत मार्क वेड याने लिहिलेली आणि लेनिल फ्रान्सिस यू याने चितारलेली 'बर्थराइट' ही बारा भागांची कथा आली. तीत पारडे दुसऱ्या बाजूला झुकले. बर्नचा थंडगार क्रिप्टॉन गेला आणि त्या जागी एक समृद्ध संस्कृती आली. बाळाला निरोप देताना व्याकूळ झालेले मातापितर आले. छातीवरचे चिन्ह त्या संस्कृतीतील आशेचे चिन्ह ठरले. नायक आपल्या हरवलेल्या मुळांचा शोध घेतो आणि त्या शोधाने त्याचे केंटपण उणावत नाही. कथेचा शेवट तर विलक्षण आहे. एका यंत्राच्या साहाय्याने मुलाचे शब्द काळाच्या पलीकडे जातात आणि ग्रह फुटण्यापूर्वी त्या आईबापांना कळते, की आपले बाळ सुखरूप पोहोचले.

त्याच्या मामाने आखातातून हे पुस्तक आणले तेव्हा मुलगा तेरा वर्षांचा होता. वाचून झाल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग रात्री जेवताना आईला म्हणाला, "मम्मी, तिला कळलं असेल का, मी नीट आहे ते?" तेरा वर्षांत त्याने 'ती कोण' असे विचारले होते, 'तिने का सोडले' असेही विचारले होते. तिच्या बाजूने प्रश्न मात्र त्याने प्रथमच विचारला. आमच्याकडे उत्तर नव्हते आणि त्या काळापलीकडच्या यंत्राची सोयही नव्हती. त्या रात्रीपासून आमच्या घरातील जपमाळेच्या शेवटी एक प्रार्थना तिच्यासाठी म्हटली जाते. नाव ठाऊक नसले तरी प्रार्थनेला पत्ता लागत नाही. आजच्या नियमांनुसार अठरा वर्षांवरील दत्तक व्यक्तीला आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो. मात्र जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवण्यास सांगितले असेल, तर त्यांच्या संमतीवाचून ते उघड केले जात नाही. आमच्या मुलाने तो अर्ज अद्याप केलेला नाही. करावा की नाही, हे ठरविणे आता त्याच्या हाती आहे.

'बर्थराइट'च्याच काळात, २००३ साली, मार्क मिलर याने 'रेड सन'मध्ये एक वेगळाच डाव मांडला. यान कॅन्ससऐवजी सोव्हिएत युक्रेनमधील सामूहिक शेतावर उतरले असते तर? तेच बाळ, तेच बळ, पण ते वाढते दुसऱ्या भूमीत आणि दुसऱ्या विचारांत. जन्म काय ठरवितो आणि पालन काय ठरविते, हा वाद इतक्या थोडक्यात मांडलेला आम्ही क्वचितच पाहिला. जेफ जॉन्स आणि गॅरी फ्रँक यांच्या २००९-१० मधील 'सीक्रेट ओरिजिन'मध्ये मुलगा यानातून उमटलेल्या जन्मदात्यांच्या प्रतिमा पाहतो आणि भेदरून पळत सुटतो. आपण केंट यांचेच राहावे, एवढेच त्याला हवे असते. सत्य सांगणे योग्य असले, तरी ते ऐकणे सोपे असते असे नाही, याची ही जाण आम्हांला मोलाची वाटली. याउलट २००५ साली सुरू झालेल्या 'ऑल-स्टार सुपरमॅन'मध्ये ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांनी सारी जन्मकथा एका पानावर चार चित्रांत आणि आठ शब्दांत संपविली. गोष्ट सर्वांच्या हाडीमाशी मुरली, की ती पुन्हा एका पानाची होते.

या सर्वांत आमच्या पिढीच्या वाचकांनी आवर्जून वाचावे असे पुस्तक म्हणजे जीन लुएन यांग यांचे 'सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन'. हे २०१९-२० मध्ये प्रसिद्ध झाले. यांग हे चिनी स्थलांतरितांचे पुत्र, श्रद्धेने कॅथोलिक, आणि अनेक वर्षे एका कॅथोलिक शाळेत संगणकशास्त्र शिकवीत होते. कथेला आधार १९४६ सालच्या नभोवाणी मालिकेचा आहे. वर्णद्वेष्ट्या टोळीविरुद्ध सुपरमॅन उभा राहतो, अशी ती मालिका होती. यांग यांच्या पुस्तकात एक चिनी कुटुंब शहरातील चिनी वस्ती सोडून नव्या वस्तीत राहावयास येते आणि त्याच्या दारी द्वेष येऊन ठेपतो. सुपरमॅन त्यांचे रक्षण करतो. पण तो उडत नाही, विजेच्या तारांवरून धावतो. कारण असे, की लहानपणी त्याच्या शक्तीने गावकरी भ्यायले होते आणि आपले परकेपण दडपण्याची त्याला सवय लागली होती. त्या कुटुंबातील लहान मुलगी ते ओळखते. आपण दुसरीकडून आलो आहोत हे तो मनोमन मान्य करतो, तेव्हाच त्याला उडता येते. केंट यांचे प्रेम खोटे होते असे लेखक कोठेही म्हणत नाही. एकाचे होण्यासाठी दुसऱ्याला नाकारावे लागते ही भीती खोटी होती, एवढेच तो दाखवितो.

हा ओघ थांबलेला नाही. २०२४ साली जेसन आरन आणि राफा सँडोव्हाल यांनी 'ॲब्सोल्यूट सुपरमॅन' सुरू केले. त्यातील जन्मदाते थोर शास्त्रज्ञांच्या वर्गातले नसून कष्टकरी वर्गातले आहेत, आणि मुलगा पृथ्वीवर येतो तो तान्हा नव्हे, तर आपले घर आठवण्याइतका मोठा झालेला. स्थलांतरितांचे आणि निर्वासितांचे लोंढे पाहणाऱ्या आजच्या जगाने ही गोष्ट अशी सांगावी, यात नवल नाही.

या कहाणीत एक दत्तकविधान असेही आहे, की ज्याची नोंद चित्रांत नाही. सीगल आणि शुस्टर यांनी १९३८ साली आपल्या मानसपुत्राचे सर्व हक्क १३० डॉलरना विकले होते. पुढे तो अब्जावधींचा धनी झाला आणि त्याच्या जन्मदात्यांची नावे त्याच्या पुस्तकांवरून गेली. दीर्घ झगड्यानंतर १९७५ साली कंपनीने दोघांना वार्षिक निवृत्तिवेतन दिले आणि त्यांची नावे कथेच्या आरंभी पुन्हा छापण्याचे मान्य केले. शुस्टर १९९२ साली आणि सीगल १९९६ साली वारले. मूल दुसऱ्याच्या घरी वाढले, मोठे झाले, ते ठीकच. परंतु त्याला जगात कोणी आणले, हे नाव पुसले जाऊ नये, एवढीच त्यांची अखेरची मागणी उरली होती.

इतक्या खेपा सांगूनही या गोष्टीत न बदललेले काय? ग्रह बदलला, मातापितर बदलले, केंट कधी लवकर गेले तर कधी शेवटपर्यंत राहिले. मात्र कोणीतरी प्राणापलीकडच्या आशेने ते बाळ धाडले आणि कोणीतरी ते उचलले, या दोन गोष्टी जवळजवळ प्रत्येक खेपेला आहेत. आम्हांला स्वतःला १९३८ च्या त्या पहिल्या पानावरचा मोटारचालक विसरवत नाही. त्याला नाव नाही, चेहरा नाही, आणि पुढच्याच वर्षी त्याची जागा दुसऱ्यांनी घेतली. पण तो थांबला नसता तर पुढची एकही गोष्ट सांगता आली नसती. आमच्या मुलाच्या आयुष्यातही अशी काही माणसे होऊन गेली असतील: त्याला आश्रमाच्या दारापर्यंत आणणारी, दार उघडणारी, पहिली बाटली तोंडाला लावणारी. त्यांची नावे आमच्या कागदपत्रांत नाहीत. मुलाला त्याची गोष्ट पुन्हा सांगण्याची वेळ आता पुढच्या पिढीच्या निमित्ताने कधीतरी येईल. त्या खेपेला या अनामिकांसाठीही तीत एक पान राखून ठेवावे, असे आम्ही उभयतांनी ठरविले आहे.